बाबांची गाठ नव्या दोरावर का सुटली? (होडी, शीड, जाळं, गळ सगळ्यांच्या गाठी इथे लिहा)

खाडीकाठी

नमस्कार मंडळी, वाचतोय बऱ्याच दिवसांपासून, धागा पहिल्यांदाच काढतोय. आमची एक छोटी फायबरची होडी आहे, देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत असते. आजोबांची लाकडी होती, बाबांनी पण तीच चालवली, आता ही फायबरची. होडी काठावरच्या माडाला बांधायची आमच्या घरची एक ठरलेली पद्धत, माडाला दोर फिरवायचा, एकावर एक असे दोन फास, वर एक अर्धी गाठ, झालं. आजोबा असेच बांधायचे, बाबा असेच, मला दहाव्या वर्षी हेच शिकवलं. इंग्रजीत हिला क्लोव्ह हिच म्हणतात हे मला मोबाईलवर कळलं, घरात हिला नावच नव्हतं, नुसतं "होडी बांध".

गेल्या महिन्यात जुना दोर झिजला म्हणून बाजारातून नवा आणला, तो हिरवा-निळा प्लास्टिकचा, १२ एमएम. संध्याकाळी बांधून घरी आलो, सकाळी बघतो तर माडाला काहीच नाही. दोर तुटलेला नाही, गाठ अर्धवट सुटलेली पण नाही, माड एकदम मोकळा. होडी खाली कांदळवनात घुसून बसलेली, ओहोटीने नेली होती तिथे, आणि दोर तिच्या मागे पाण्यावर सापासारखा तरंगत होता. इंजिन वाचलं, होडीला दोन ठिकाणी खरचटलं. अजून अर्धा तास पाणी ओढत राहिलं असतं तर संगमातून बाहेर समुद्रात गेली असती.

बाबांना वाटलं मी नीट ओढली नाही. मी शप्पथ सांगतो नीट ओढली होती, पाय लावून ओढली होती. मग बाबांनी स्वतः येऊन बांधली, आम्ही दोघं तिथेच उभे राहून बघत होतो, आणि लाट आली की होडी जरा मागे पुढे व्हायची, प्रत्येक हेलकाव्याला शेपूट एक सूत आत जायचं. एक सूत, परत एक सूत. बाबा काही बोलले नाहीत पाच मिनिटं. नंतर म्हणाले, "ह्या दोराक आमची गाठ कळणा नाय."

तर माझा प्रश्न हाच आहे. गाठ तीच, माड तोच, हात तेच. दोर बदलला तर गाठ पण बदलायची का? कुठली बांधायची? आणि शिडाच्या, जाळ्याच्या, गळाच्या गाठींचं ज्यांना माहीत आहे त्यांनी पण लिहा, कारण मला वाटतं हे सगळ्यांचंच झालं असणार.

निवृत्त_सारंग

तुमच्या बाबांनी एका वाक्यात सगळं सांगितलंय बघा. मी ३१ वर्षं बोटीवर होतो, खलाशी म्हणून चढलो सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो, आमच्या रत्नागिरीकडे घरटी एक माणूस बोटीवर असायचा त्या काळातला.

आजोबांचा दोर कशाचा होता? काथ्याचा, सुंभाचा. त्याला अंगावर केस असतात, हात फिरवला तर टोचतो. फास एकावर एक पडले की ते केस एकमेकांत घुसतात, आणि भिजला की काथ्या फुगतो, गाठ आणखी आवळते. म्हणजे अर्धं काम दोरच करत होता, गाठीवर अर्धंच होतं. आता तुम्ही आणलाय तो पॉलिप्रॉपिलीन, त्याला अंग गुळगुळीत, कडक, पाणी पीत नाही, फुगत नाही, सोडला की सरळ व्हायला बघतो. गाठ मोकळी व्हायला त्याला फक्त हेलकावा पाहिजे, आणि हेलकावे होडी रात्रभर देतेच.

शिवाय ती दोन फासाची गाठ मुळात उभ्या खांबाला एकाच बाजूने ताण असेल तिथली आहे. ताण एकदा इकडून एकदा तिकडून आला की ती चालत चालत सुटते. काथ्यावर हे कधी दिसलं नाही एवढंच.

माडाला काय बांधायचं सांगतो. आधी दोर माडाभोवती दोन पूर्ण वेढे घ्या, नुसते वेढे, गाठ नाही. मग होडीकडे जाणाऱ्या दोरावरच शेपटाच्या दोन अर्ध्या गाठी मारा, दोन्ही एकाच दिशेने, प्लास्टिकच्या दोराला तिसरी पण मारा. शेपूट वीतभर सोडा, दोन बोटं नको. हिचा मोठा गुण म्हणजे ताण असताना सुद्धा सोडता येते, अर्ध्या गाठी काढल्या तरी वेढे दोर धरून ठेवतात आणि तुम्ही हळूहळू सैल देऊ शकता. बोलाइनचं, म्हणजे दोराच्या टोकाला न आवळणारा फास करतात त्या गाठीचं, तसं नाही, बोलाइन ही गाठींची राणी खरी पण ताणाखाली ती बांधता पण येत नाही आणि सोडता पण येत नाही. पाणी उतरलं, होडी दोराला लटकली, आणि तुम्ही बोलाइन मारून ठेवलीय, मग कोयताच आणावा लागतो.

आणि दोर सांधायचा असेल तर तेच. आम्हाला शिकवलं होतं की मनिला किंवा काथ्याचा दोर सांधताना पदर तीन वेळा ओवायचे, पुढे नायलॉन आला तेव्हा सांगितलं पाच वेळा. हात तोच, पीळ तोच, दोन ओवण्या जास्त. कुणी विचारलं का तर जुने सारंग म्हणायचे घसरतो म्हणून, बस. नीट सांधलेला दोर मूळ ताकदीच्या जवळपास राहतो, गाठ मारली की मात्र बराच उतरतो, बोलाइनला सुद्धा तिसरा हिस्सा गेला असं धरून चालायचं.

एक_वळसा

सारंग काकांनी सांगितलेले "दोन वेढे" का काम करतात त्याचं गणित मी देतो, मेकॅनिकलचा माणूस आहे, मला हे फार आवडतं.

खांबाभोवती दोर गुंडाळला की घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. दोर खरखरीत असेल, घर्षणांक ०.३ धरा, तर एका पूर्ण वेढ्यामुळे एका बाजूचा साडेसहा किलोचा ताण दुसऱ्या बाजूला एका किलोने रोखता येतो. दोर गुळगुळीत झाला, घर्षणांक निम्मा म्हणजे ०.१५ झाला, तर तुम्हाला वाटेल पकड पण निम्मी होईल, पण तसं होत नाही, ती साडेसहा पटीवरून अडीच पटीवर येते. आता त्याच गुळगुळीत दोराचे दोन वेढे घ्या, परत साडेसहा पट. तीन घेतले तर सतरा.

म्हणजे आजोबांचा एक वेढा बरोबर नव्या दोराचे दोन वेढे. गाठ चुकीची नव्हती, वेढ्यांचा हिशोब जुन्या दोराचा होता. हे आकडे समजण्यापुरते धरलेत, माडाची साल, ओल, शेवाळ याने बदलतील, पण प्रमाण असंच राहतं. विहिरीवर रहाट ओढणाऱ्या माणसाला हे गणित न शिकता माहीत असतं, जड घागर थांबवायची असेल तर तो दोर खांबाला अजून एकदा फिरवतो.

खाडीकाठी

एक_वळसा, हे वाचून अंगावर काटा आला. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी "म्हणजे गाठ बरोबर होती मा?" एवढंच विचारलं, आणि मग चहा प्यायला बसले. मला वाटतं महिनाभर त्यांच्या मनात तेच होतं.

शिडवाली

मी मुंबईला शिडाच्या होड्या चालवते, गेटवेच्या समोरच्या पाण्यात शिकले, आता मुलांना शिकवते. आमच्याकडे सगळ्यात पहिल्या दिवशी तीनच गाठी, आकडा आठ, बोलाइन, आणि क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीवर, दोर कसा गुंडाळायचा. बाकी सगळं नंतर.

आधी एक गोष्ट, कारण नवीन लोक हमखास गोंधळतात. शीट म्हणजे शीड नाही. शीट म्हणजे शिडाला आत बाहेर घेणारी दोरी. पुढच्या शिडाला ती बोलाइननेच बांधतात, कारण शीड फडफडताना पण ती सुटत नाही आणि संध्याकाळी मान मोडली की बोटांनी उघडते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आकडा आठ, म्हणजे ती कप्पीतून निसटून जाऊ नये.

पण मला लिहायचंय ते चौकोनी गाठीबद्दल, जिला रीफ नॉट म्हणतात. शाळेत स्काऊटमध्ये सगळ्यांना हीच शिकवतात आणि सगळे दोन दोर जोडायला हीच वापरतात, कृपा करून वापरू नका. ही गाठ जन्मली शीड आखडून बांधायला. वारा वाढला की शिडाचा खालचा भाग गुंडाळून छोट्या छोट्या दोऱ्यांनी बांधतात, त्याला रीफ करणं म्हणतात, तिथे गाठीच्या मागे कापडाची गुंडाळी असते, गाठ तिच्यावर टेकून बसते. आणि सोडायची वेळ आली की एकच टोक धरून बाजूला हिसका द्यायचा, गाठ उलटी होते आणि घसरून निघते. ओल्या हाताने, अंधारात, एका हिसक्यात, म्हणून तर ती ठेवली. आता तीच गाठ दोन दोर जोडायला हवेत लटकवलीत, मागे टेकायला काही नाही, आणि एक टोक कशात अडकलं, बसला हिसका, तर ती तिचं काम इमानाने करणार, उलटी होणार आणि सुटणार. शिडावर जो तिचा गुण तोच जोडणीत जीवघेणा. दोन दोर जोडायला शीट बेंड मारा, एक दोर जाड एक बारीक असेल तरी चालते, आणि प्लास्टिकचा असेल तर दुहेरी.

माझं स्वतःचं एक सांगते. शिकत असताना दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात हात भरून आले म्हणून मी मोठ्या शिडाची दोरी क्लीटवर गुंडाळली आणि वरून उलटा फास मारून लॉक केली. पाच मिनिटांत वाऱ्याचा झोत आला. दोरी सैल सोडली असती तर शीड नुसतं फडफडलं असतं. पण उलटा फास ताणाखाली असा चावला की माझ्या नखांनी हलेना, आणि तेवढ्यात होडी आडवी, मी पाण्यात, शीड पाण्यावर पसरलेलं. आमचे सर बचाव होडीतून आले, ओरडले नाहीत, मला वर घेतलं आणि फक्त विचारलं, ही दोरी सोडायला किती सेकंद मिळणार होती तुला? दोन. आणि तू गाठ किती सेकंदाची मारलीस? तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला गाठ बांधायच्या आधी हेच विचारते, ही सोडायला तुला किती वेळ मिळणार आहे.

कातळकडा

आम्ही सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणारे, पाण्याशी संबंध पावसाळ्यातच, तरी लिहितो. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, बोलाइन बंद करून आकडा आठ दुहेरी करूनच बांधतात. कारण तेच जे खाडीकाठी यांनी सांगितलं, दोर कडक असेल आणि ताण येत जात असेल तर बोलाइन हळूहळू ढिली होते. आठ सुटत नाही, पण पडल्यावर एवढा आवळतो की उघडायला कस लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आठचा आकडा साथीदाराला लांबून पण दिसतो, बरोबर की चूक लगेच कळतं, बोलाइन नीट बघावी लागते.

होडीवाले बोलाइन सोडणार नाहीत हे कळतं मला, तुम्हाला दिवसातून दहादा सोडायची असते, आम्हाला कड्यावरून उतरल्यावर एकदाच.

शिडवाली

कातळकडा, अगदी बरोबर. आणि आम्ही पण कडक दोरावर बोलाइनचं शेपूट लांब ठेवतो, किंवा शेपूट परत एकदा फिरवून गाठीत ओवतो. आखूड शेपटाची बोलाइन मी मुलांकडून परत बांधून घेते.

जाळंविणी

मी अर्नाळ्याची, आमचं डोलीच्या जाळ्याचं काम. नवरा आणि दीर समुद्रावर, जाळ्याची डागडुजी माझी आणि सासूबाईंची. एवढं लिहिलंय सगळ्यांनी गाठीवर पण जाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, जाळं म्हणजे नुसत्या गाठीच तर असतात, हजारो.

शिडवाली ताईंनी शीट बेंड म्हटलं ना, जाळ्याच्या आसाची, म्हणजे एकेका भोकाची, गाठ तीच आहे. वरच्या आसातून सुई वर काढायची, आसाच्या मागून फिरवायची, आणि स्वतःच्याच धाग्याखालून घेऊन अंगठ्याने दाबून ओढायची. अंगठा मधेच उचलला की गाठ आसाच्या खाली घसरते, दिसायला गाठच दिसते पण ती धरत नाही, मासा भरला की सरकून एक आस मोठा एक आस छोटा. सासूबाई नुसतं बोट फिरवून सांगतात की ही खोटी आहे.

त्या सांगतात की सुताचं जाळं होतं तेव्हा एकच गाठ पुरायची. नायलॉन आलं तेव्हा एकेरी गाठ घसरायला लागली, मग दुहेरी मारायला लागले, आणि पारदर्शक एकतारी धागा आला त्यावर तर दुहेरीशिवाय चालतच नाही. म्हणजे खाडीकाठी भाऊंच्या माडावर आता जे झालं ते आमच्या जाळ्यात सासूबाईंच्या तरुणपणीच होऊन गेलं होतं. आता नवं जाळं मशीनचं येतं, पण फाटलेलं मशीन सांधत नाही.

फाटलेलं सांधायचं म्हणजे आधी अजून कापायचं. नवीन माणसाला हे पटत नाही, भोक छोटं करायचंय आणि ही मोठं का करते. पण भोकाच्या कडेला एकेका गाठीला किती पाय राहिलेत ते बघावं लागतं. चांगल्या गाठीला चार पाय. आपण असं कापत जायचं की कडेच्या प्रत्येक गाठीला दोन पाय राहतील, फक्त एक वरची आणि एक खालची गाठ तीन पायांची. वरच्या तीन पायांच्या गाठीवर सुरू करायचं, आडवं जात येत विणायचं, आणि बरोबर खालच्या तीन पायांच्या गाठीवर संपायचं. संपलं बरोबर तर जाळ्याला कळत पण नाही फाटलं होतं. कापणं चुकलं तर शेवटी एक पाय उरतो नाहीतर एक कमी पडतो, आणि जाळं तिथे कायम ओढ घेतं, पाण्यात तोंड वाकडं करतं.

आणि सोडायच्या गाठीचं म्हणाल तर आमचा खोला. डोलीचं जाळं पाण्याच्या ओढीवर तोंड उघडून उभं असतं, मागे निमुळतं होत जातं, अगदी शेवटचा भाग तो खोला, सगळी मासळी तिथे जमते, बोंबील, जवळा, कोळंबी. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी जरा वेळ थांबतं तेवढ्यातच जाळं उचलायचं, पाणी फिरलं की परत ओढ सुरू. म्हणून खोल्याचं तोंड अशी सुरगाठ मारून बांधतात की एक शेपूट ओढलं की सगळं ढासळून मासळी होडीत, पण पाण्यात असताना कितीही ओढ आली तरी उघडत नाही. एकदा घरात लगीनघाई होती म्हणून दुसऱ्या कुणी नवीन पोराने बांधली, सुरगाठीऐवजी निरगाठ. भर थंडीत, अंधारात, भरलेला खोला वर आणि गाठ सुटेना, शेवटी सुरीने कापला, मासळी मिळाली पण खोल्याची दोन हात दोरी आणि कडेचे आस गेले, आणि मला दोन दिवस काम.

जिताडा_प्रेमी

गळाच्या दोरीवर लिहितो. मी रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत जिताड्यासाठी बसतो, सुट्टीच्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी.

आमचा दोर म्हणजे ०.४ एमएमचा धागा, गाठ तांदळाच्या दाण्याएवढी, पण वरचं सगळं लागू होतं. साध्या नायलॉनच्या धाग्याला गळ बांधायचा तर गळाच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून, ओवून स्वतःभोवती पाच ते सात पीळ, मग शेपूट पहिल्या फटीतून आणि परत नव्याने झालेल्या मोठ्या फासातून. ओढायच्या आधी थुंकीने ओली करायची, ही गोष्ट जुने लोक करायचे तेव्हा मला सवय वाटायची, पण कारण आहे, कोरडी ओढली की घासून तापते आणि तापलेलं नायलॉन तिथेच कमजोर होतं. हळू ओढायची, पीळ एकाशेजारी एक बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर परत कापून नव्याने.

आता लोक ब्रेडेड धागा आणतात, विणलेला, बारीक आणि ताकद भरपूर. त्याच्यावर हीच गाठ मारली की घसरते, हमखास. त्याला पालोमार मारा, धागा दुहेरी करून डोळ्यातून, एक साधी गाठ, आणि तो फास पूर्ण गळावरून उलटा काढायचा. सोपी आहे, डोळे मिटून होते.

मासा सुटला की बहुतेक जण शिव्या देऊन नवा गळ लावतात. थांबा, आधी धाग्याचं टोक बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर धागा तुटला नाही, गाठ घसरून सुटली, तुमची चूक. टोक सरळ आणि फाटलेलं, खरखरीत असेल तर खडकाला नाहीतर कालवांना घासलं. मी गेल्या वर्षी एक मोठा जिताडा काठाला आणून घालवला, पाण्यात त्याचं तोंड दिसलं, पिवळट डोळा दिसला, एक झटका आणि दोरी हलकी. टोक बघितलं तर गोल वळलेलं. नवीन ब्रेड, जुनी गाठ. त्या दिवशी घरी येऊन मी रात्री अकरापर्यंत चमच्याच्या दांड्याला गाठी मारत बसलो होतो.

एक विनंती, तुकडे पाण्यात टाकू नका. कापलेली शेपटं खिशात ठेवा. कासवाच्या, पक्ष्याच्या पायात अडकलेला धागा मी स्वतः कापून काढलाय, मांसात गेलेला असतो.

देशावरचा

मी सांगलीकडचा, समुद्र वर्षातून एकदा. पण जाळंविणी ताईंची सुरगाठ वाचून लिहावं वाटलं. आमच्याकडे दाव्याला सुरगाठच मारतात, आजोबा सांगायचे गोठ्याला आग लागली तर एका ओढीत जनावर मोकळं झालं पाहिजे. आता नायलॉनची दावी आली आणि बैलाने मान ओढली की सुरगाठ एवढी बसते की ओढून येत नाही, दोन हात लागतात. आम्ही अजून सुताचंच दावं ठेवलंय गळ्याला.

दुसरा एक प्रश्न, वादळाच्या बातमीत वारा इतके नॉट म्हणतात ते आणि ही गाठ एकच का?

निवृत्त_सारंग

एकच. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला दोरीला लाकडाचा तुकडा बांधून मागे पाण्यात सोडायचे, तुकडा जागेवर राहतो, जहाज पुढे जातं, दोरी उलगडत जाते. दोरीवर ठराविक अंतरावर गाठी, २८ सेकंदाचं वाळूचं घड्याळ असेल तर ४७ फूट ३ इंचावर एक. घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या तेवढे नॉट. म्हणजे तासाला तितके सागरी मैल, एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. अंधारात पण मोजता यायचं, गाठ हाताला लागते म्हणून.

आणि दाव्याचं तुम्ही बरोबर केलंत.

आता मोठ्या दोराचं एक सांगून ठेवतो, लहान होडीवाल्यांनी पण लक्षात ठेवा. नायलॉन ताणतो, तुटायच्या आधी तिसऱ्या हिश्श्याएवढा तरी लांबतो. नांगराला हे चांगलं, लाटेचा धक्का तो पोटात घेतो. पण तुटला की तेवढं सगळं बळ घेऊन उलटा येतो. एका बंदरात आमच्या जहाजाचा बांधणीचा दोर तुटला, टोक कुठून कसं गेलं कुणाच्या डोळ्याला दिसलं नाही, आवाज आला आणि लोखंडी भिंतीवरचा रंग हातभर उडालेला. तिथे अर्ध्या मिनिटापूर्वी आमचा एक खलाशी उभा होता, मी त्याला दोराच्या रेषेतून बाजूला हो म्हणून हाकललं होतं. आमच्याकडे ओढायचं तर "हबीस" आणि सैल सोडायचं तर "आरिया" म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. नवीन पोरांना मी आधी आरिया शिकवायचो. होडी अडकली म्हणून दोर बांधून दुसऱ्या होडीने ओढताना कुणीही त्या दोराच्या रेषेत उभं राहू नका, तो १२ एमएमचा असला तरी.

माडाची_सावली

काथ्याचा विषय निघाला म्हणून. गोव्यात नौदलासाठी आयएनएसव्ही कौंडिण्य नावाचं जहाज बांधलं ते पाहिलंत का? अजिंठ्याच्या लेण्यातल्या चित्रात जे जहाज आहे त्यावरून, पाचव्या शतकातलं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत, भोकं पाडून टाके घालत, केरळच्या कारागिरांनी. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरच्या शेवटी पोरबंदरहून मस्कतला निघालं, जानेवारीत पोचलं. चौकोनी शीड, इंजिन नाही.

हे वाचताना मला सारखं सारंग काकांचं पहिलं उत्तर आठवत होतं. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही लवकर, फुगून भोकात घट्ट बसतो, आणि लाटेवर फळ्या जरा हलल्या तरी टाका लवचिक राहतो. त्या जागी हा हिरवा प्लास्टिकचा दोर कल्पना करून बघा. माझी आजी नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, महिनोन्महिने, मग बडवून हातावर वळून सुंभ करायची. तिच्या तळहाताला चिरा होत्या, पण तिने वळलेल्या सुंभाची गाठ मी कधी सुटलेली बघितली नाही.

खाडीकाठी

उशीर झाला लिहायला, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं करून बघितलं, ते लिहितो.

गेल्या अमावास्येच्या उधाणाला मुद्दाम बांधली. मुंबईला उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं उतरतं, आमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण ओढ भारी असते. एकाच माडाला तोच हिरवा दोर दोन तुकडे करून, एक बाबांच्या पद्धतीने आणि एक दोन वेढे तीन अर्ध्या गाठी. शेपूट दोन्हीचं वीतभर, त्यावर लाल नेलपॉलिशची खूण केली, बहिणीची घेतली. होडी दुसऱ्या दोराने वेगळी सुरक्षित ठेवली होती. संध्याकाळी सातला बांधलं, सकाळी सहाला गेलो. बाबांच्या गाठीचं शेपूट संपून गाठ सुटलेली होती. दोन वेढ्यांची खूण होती तिथेच होती, कदाचित दोन सूत सरकली असेल.

मग बाबांनी स्वतःच कुठून तरी जुन्या काथ्याचा तीन वाव दोर शोधून आणला, माळ्यावर होता. म्हणाले आता ह्याने बांध, आमची गाठ. पुढच्या रात्री त्याने बांधली. सकाळी बघितलं तर गाठ अशी आवळली होती की दोन हातांनी सुटेना, बाबांनी दगडाने हलके ठोकून सोडली. तेव्हा ते हसले, महिन्याभरात पहिल्यांदा.

हिरवा दोर आता होडीतून काढला. उन्हात त्याला पांढरी भुकटी सुटायला लागलीच होती. बांधायला नायलॉनचा घेतला, जरा जाड, हाताला मऊ, आणि तो बुडतो त्यामुळे दुसऱ्यांच्या इंजिनाच्या पंख्यात जायची भीती नाही, हिरवा तरंगायचा. नांगराच्या कडीला सारंग काकांनी फोटोवरून सांगितली ती गाठ मारलीय, कडीत दोन वेढे आणि पहिली अर्धी गाठ त्या दोन वेढ्यांच्या आतून, शेपूट सुतळीने घट्ट शिवून टाकलंय.

पुतण्या आठ वर्षांचा आहे, काल त्याला माडाकडे नेलं होतं बाबांनी. मी लांबून बघत होतो. दोराचा तुकडा त्याच्या हातात दिला आणि आधी त्यावर बोट फिरवायला सांगितलं, मग विचारलं, "ह्यो खरखरीत आसा काय गुळगुळीत?" तो म्हणाला गुळगुळीत. "मगे किती येढे?" पोराने दोन बोटं दाखवली.

जाळंविणी

भाऊ, नेलपॉलिशची खूण फार छान. आमच्या घरी पण करून बघते, नवीन एकतारीच्या दुहेरी गाठीवर. सासूबाईंना धागा वाचून दाखवला सगळा. त्या विचारतायत की माळ्यावर काथ्या अजून असेल तर वावभर मिळेल का, खोल्याच्या शेपटाला पाहिजे, ओल्या हातातून सटकत नाही म्हणून.

खाडीकाठी

आहे ताई. अर्ध्याहून जास्त आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, बाबा म्हणतात नारळी पौर्णिमेच्या आधी पोचेल असं बघ.